पाना-पेंचीस : ऑइलचा काटा बसवताना

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी २००८ची स्विफ्ट पेट्रोल आहे, १३०० सीसीची. मागची सीट आणि गालिचे काढून ती आता फक्त ट्रॅकसाठी ठेवलीय. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला नेऊन आणली. पुढच्या खेपेआधी ऑइल प्रेशर आणि ऑइल टेम्परेचर अशी दोन गेज बसवायची आहेत. सामान आणून ठेवलंय. मित्राचं म्हणणं असं की, कंपनीचा प्रेशर स्विच काढायचा, तिथं पितळी टी टाकायची आणि दोन्ही सेंडर (प्रेशर-तापमान मोजून गेजला कळवणारे भाग) त्याच टीवर लावायचे. अर्ध्या तासाचं काम. करू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : मित्राला सांगा, जागा बरोबर शोधलीस, बाकी सगळं चुकलंय.

आधी गेज का लागतं ते बघू, म्हणजे कुठं लावायचं ते आपोआप कळेल. डॅशबोर्डवर ऑइलच्या बुधलीचा जो लाल दिवा असतो, तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली प्रेशर गेलं की पेटतो. पीएसआयमध्ये बोलायचं तर पाच-सात. आयडलिंगला तेवढं चालून जातं. पण जुन्या रेसवाल्यांचा ठोकताळा असा की, दर हजार आरपीएमला १० पीएसआय तरी हवं. म्हणजे ६००० ला ६० पीएसआय, चार बारच्या पुढं. आता समजा तुम्ही ६००० वर आहात आणि प्रेशर एका बारवर आलंय. दिवा पेटणार नाही, कारण त्याच्या हिशेबानं सगळं ठीक आहे. बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या, बेअरिंगचा हिशेब मात्र तोवर संपलेला असतो. दिवा पेटतो तेव्हा इंजिन खोलायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो.

प्रेशर मोजायला कंपनीच्या स्विचची जागा चांगलीच. बहुतेक इंजिनांत तो स्विच मेन गॅलरीवर (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर), फिल्टरच्या पुढं असतो. म्हणजे बेअरिंगला प्रत्यक्ष मिळतं तेच प्रेशर तिथं दिसतं. फिल्टरच्या आधी मोजलं तर फिल्टर चोंदला तरी काटा मजेत उभा राहील.

पण त्या भोकात टी आणि टीवर सेंडर लटकवायचा नाही. प्रेशरचा सेंडर हातात घेऊन बघा, लहान डबीएवढा असतो आणि चांगला जड लागतो. तो एक-अष्टमांश इंचाच्या पितळी निपलवर आडवा लटकणार आणि चार सिलिंडरचं इंजिन त्याला तासन्‌तास हलवणार. निपल आट्यांच्या मुळाशी तुटतं. तुटलं की चार बारचं गरम ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं, आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड फार लांब नसतो. ट्रॅकवर गाड्या पेटतात त्यातल्या काही अशाच पेटतात.

म्हणून इंजिन ब्लॉकवर फक्त एक लहान ॲडॅप्टर, त्यातून लवचीक होज, होजचं दुसरं टोक फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) पक्क्या बसवलेल्या तीन तोंडांच्या ब्लॉकला. एका तोंडात गेजचा सेंडर, दुसऱ्यात कंपनीचा जुना स्विच (तो काढून टाकू नका), तिसऱ्यात काय ते पुढं सांगतो. होज तुम्हाला कराडातच मिळेल. जेसीबी आणि ऊसतोडणीच्या मशीनचे हायड्रॉलिक पाइप दाबून देणारी दुकानं आपल्या भागात गावोगाव आहेत. फक्त तिथं गेल्यावर नेहमीचा काळा रबरी पाइप घेऊ नका. आर-१, आर-२ जातीचा तो पाइप १०० अंशांपर्यंतचा असतो आणि ट्रॅकवरचं इंजिन ऑइल त्यापुढं सहज जातं. आतून पीटीएफई (टेफ्लॉन) आणि बाहेरून स्टीलची जाळी असलेला मागा. तो आर-१४ म्हणून ओळखला जातो आणि २०० अंश सोसतो. इंजिन ब्लॉककडच्या टोकाला एक मिलिमीटरचं भोक पाडलेली अडणी टाकून घ्या. प्रेशर बरोबरच दिसतं, पण होज फुटलीच तर ऑइल जाड धारेऐवजी बारीक धारेनं जातं.

आता आटे. इथं माणसं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. जपानी घराण्यातल्या गाड्यांना स्विचचे आटे बहुधा एक-अष्टमांश बीएसपीटी (ब्रिटिश पद्धतीचे निमुळते पाइप-आटे) असतात. ऑनलाइन आलेल्या सेटमध्ये ॲडॅप्टर अनेकदा एक-अष्टमांश एनपीटी (अमेरिकी पद्धतीचा) असतो. बीएसपीटीला इंचात २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन, एनपीटीला २७ आटे आणि ६० अंश. डोळ्याला फरक दिसत नाही. हातानं लावलं तर चुकीचासुद्धा दोन-तीन फेरे गोड बसतो, मग अडतो. इथं माणसाला वाटतं, टेपर आटा आहे, अडायचाच, आणि तो पाना लावतो. परत काढून बघा : ॲडॅप्टरच्या आट्यांच्या टोकांवर चकचकीत ओरखडा आणि बोटाला पितळेची भुकटी लागली, तर तो आटा त्या भोकाचा नाही. युरोपी गाड्यांत एम १० × १ सापडतो, तो सरळ आटा, वॉशरवर बसणारा. अंदाज करत बसू नका. कंपनीचा जुना स्विच खिशात घालून लेथवाल्याकडे जा, त्याच्याकडे आटे मोजायची पाती असतात. ॲडॅप्टरही तोच करून देईल.

टेफ्लॉन टेप मात्र नको. तिचा तुकडा गॅलरीत गेला तर परत येत नाही. एका टर्मिनलच्या सेंडरला अर्थिंगही आट्यांतूनच मिळतं, त्यात टेप आडवी येते. पातळ थ्रेड सीलंट घ्या, पहिले दोन आटे कोरडे सोडून लावा. सेंडर आता होजच्या टोकाला फायरवॉलवर आहे, म्हणजे इंजिनाशी त्याचा धातूचा संबंध नेमका किती हे कुणी सांगावं. फायरवॉलवरच्या ब्लॉकच्या क्लिपखाली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) घालून वेगळी अर्थची वायर द्याच.

टेम्परेचरचा सेंडर त्या ब्लॉकवर का नाही? कारण होजमधलं ऑइल वाहत नाही. प्रेशर पोचवायला ऑइल वाहावं लागत नाही, नुसतं भरलेलं असलं की झालं. पण उष्णता त्या बंद गल्लीत पोचत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, १३० अंश असताना होजच्या टोकाचं ऑइल साठ-सत्तरवर निवांत असतं. गेज खोटं बोलत नाही, ते त्या टोकाचं खरंच सांगतं. तुम्ही मात्र इंजिन थंड समजून आणखी चार लॅप मारता. मित्राचा सल्ला महाग पडतो तो इथं.

टेम्परेचर वाहत्या ऑइलात मोजायचं. जागा तीन. एक, फिल्टर आणि ब्लॉकच्या मधली सँडविच प्लेट. दोन, चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या जागी सेंडरवाला बोल्ट. तीन, चेंबरच्या बाजूला बॉस (सेंडरसाठी आटे पाडलेला जाड तुकडा) वेल्ड करून. ड्रेन बोल्टवाला सगळ्यात स्वस्त आणि आपल्या रस्त्यांना सगळ्यात वाईट. गाडीची उंची कमी केलेली असेल तर एखादा गतिरोधक सेंडर उडवेल आणि मागं ऑइलची रेघ सोडेल. वेल्डिंग उत्तम, पण चेंबर उतरवावा लागतो. कधी ना कधी उतरवणार असाल तेव्हा करून घ्या. आज तुम्ही सँडविच प्लेट लावा.

प्लेट घेण्याआधी फिल्टर काढून त्याच्या निपलचा व्यास कॅलिपरनं मोजा. तीन-चतुर्थांश इंच १६ आटे आणि एम २० × १.५ या दोन जाती बाजारात आहेत. पहिला १९.०५ मिलिमीटर, दुसरा २०. एक मिलिमीटरचाही फरक नाही, आणि नको त्या गाडीवर नको ती प्लेट जाते ती यामुळंच. प्लेटच्या जाडीएवढा फिल्टर बाहेर येतो, तो एक्सलला किंवा मॅनिफोल्डला घासत नाही ना बघा. प्लेटची ओ-रिंग ऑइल लावून बसवा आणि न वापरलेली तोंडं प्लग लावून घट्ट करा. हातानं लावलेला प्लग तसाच राहून गेला की पहिल्याच रेसला निघतो.

गेज आणि सेंडर एकाच घरातले हवेत. व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या जातीचा प्रेशर सेंडर शून्याला १० ओहम आणि पूर्ण काट्याला १८० ओहम दाखवतो. अमेरिकी पद्धतीचा उलटा, शून्याला २४० आणि वर ३३. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या गेजला लावला तर इंजिन बंद असताना काटा वर जाऊन बसतो. मल्टिमीटर लावून सेंडर आधी टेबलावर मोजा, एका मिनिटाचं काम आहे. सेंडरला दोन टर्मिनल असतील आणि त्यावर जी व डब्ल्यूके लिहिलं असेल, तर जी गेजला. डब्ल्यूके हा दिव्याचा संपर्क. तो किती बारला जुळतो ते खोक्यावर बघा, बऱ्याचदा फार खाली असतो.

वायरिंगचं थोडक्यात. इग्निशन चालू झाल्यावर येणारा प्लस, उगमाशीच लहान फ्यूज, ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची वायर, फायरवॉलच्या भोकाला रबरी ग्रोमेट. थिंबल नीट दाबा, वर स्लीव्ह आवळा. वायर थिंबलला डाग देऊन जोडली की ती डागाच्या कडेला कडक होते आणि कंपनानं तिथंच तुटते.

आता ते तिसरं तोंड. तिथं जुळवता येणारा प्रेशर स्विच लावा, १.५ बारला ठेवा आणि त्याचा मोठा, झगझगीत लाल दिवा स्टिअरिंगच्या बरोबर समोर बसवा. माझ्या मते गेजपेक्षा हा दिवा आधी. वळणात शिरताना कुणी काटा वाचत नाही. वाचत असेल तर त्याच्याबरोबर बसू नका. काटा सरळ रस्त्यावर बघायचा असतो, दिवा मात्र तुमच्याकडे बघत असतो. गरम इंजिन आयडलिंगला आलं की हा दिवा पेटेल, पेटू द्या. बल्ब जिवंत आहे याची तेवढीच खात्री. ट्रॅकवर पेटला तर क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि गाडी तशीच रस्त्याबाहेर घ्या. पिटपर्यंत नेतो म्हणणाऱ्यांची क्रँक पुढं कोल्हापुरात ग्राइंडिंगला येते.

गेज डॅशबोर्डला लावताना अक्षरं सरळ दिसलीच पाहिजेत असं नाही. गरम इंजिनाला, रेसमध्ये काटा जिथं असतो ती जागा बाराच्या ठोक्यावर येईल असं अख्खं गेज फिरवून बसवा. दोन्ही काटे उभे म्हणजे सगळं ठीक, वाचायची गरज नाही. सासरचे लोक गाडीत बसले की विचारतील वाकडं का बसवलंय. विचारू द्या.

पहिल्यांदा चालू करताना फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा-थोडा मारा, काट्यानं जागा सोडली की मग फ्यूज लावा. चालू झाल्यावर टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानं पुसून पुन्हा बघा. इंजिन बंद करून ऑइलची पट्टी तपासा, प्लेटनं आणि होजनं थोडं ऑइल खाल्लेलं असतं.

*

प्रश्न : माझ्या गाडीला गेज बसवलं आणि झोपच उडाली. सकाळी थंड इंजिनाला पाच बार, गरम झाल्यावर आयडलिंगला ०.९. इथले एक फिटर म्हणतात, ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी टाका, काटा वर येईल. कंपनीनं फाइव्ह डब्ल्यू थर्टी सांगितलंय.
— एक वाचक, मिरज

उत्तर : काटा वर येईल हे खरं. थर्मामीटर गार पाण्यात बुडवला की तापही उतरतो.

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो ऑइल ढकलतो. ते बेअरिंगच्या फटीतून निघताना अडतं आणि त्या अडण्याचं जे होतं ते प्रेशर. ऑइल घट्ट असेल तर जास्त अडतं. १०० अंशांना ३० ग्रेडच्या ऑइलची घट्टाई ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे जवळपास दुप्पट. काटा वर येणारच. पण बेअरिंगची फट वाढलेली असेल तर ती तितकीच राहिली, आणि थंड सकाळी ते जाड ऑइल वरच्या हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ घेणार. ट्रॅकवर ऑइलचं तापमान सतत १२० च्या वर राहत असेल तर एक ग्रेड वर जाण्यात शहाणपण आहे. ते तापमानावरून ठरवा, आयडलिंगच्या काट्याला घाबरून नाही.

गरम इंजिन, आयडलिंग, ०.९ बार, हे एवढ्यावरून वाईट नाही. मला सांगा ३००० ला किती आणि ५००० ला किती, आणि तेव्हा ऑइल किती अंशांवर होतं. टेम्परेचरशिवाय प्रेशर सांगणं अर्धवट. एक वही गाडीत ठेवा. ऑइल ९० अंशांवर असताना आयडलिंग, ३०००, ५००० असे तीन आकडे लिहा आणि हेच काम ऑइल बदलल्यावर पुन्हा करा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एका ठरावीक आरपीएमचा आकडा दिलेला असतो, तो वहीच्या पहिल्या पानावर. पुढं कधी त्याच ९० अंशांना ३००० चा आकडा अर्धा-पाऊण बारनं उतरला, की मग शोध सुरू करा. आधी मेकॅनिकल गेज (सेंडर-वायर नसलेलं, ऑइल थेट काट्यापर्यंत नेणारं) लावून काटा खरा आहे का बघा. मग पट्टी : पातळी किती, आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो का. मग फिल्टर, मग रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) अडकलाय का. बेअरिंग शेवटी. लोक शेवटापासून सुरुवात करतात.

थंड इंजिनाचे पाच बार बघून खूश होऊ नका. तो रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याचा आकडा आहे, इंजिनाच्या तब्येतीचा नाही.

*

प्रश्न : एकाच लांब वळणात प्रेशरचा काटा खाली जातो आणि वळण संपलं की वर येतो. बाकी ट्रॅकभर ठीक. पंप गेला का?
— एक वाचक, विटा

उत्तर : पंप गेला असता तर त्यानं वळण बघून काम केलं नसतं. चेंबरमधलं ऑइल वळणात बाहेरच्या भिंतीला चढतं, पिकअपची (पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या नळीची) जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. चांगले ग्रिप असलेले टायर टाकल्यावर हा त्रास सुरू होतो. आधी होत नव्हता कारण गाडी तेवढ्या जोरात वळतच नव्हती.

एक लक्षात घ्या, तुम्हाला काटा खाली गेलेला दिसला म्हणजे प्रत्यक्षात तो त्याहून खाली गेला होता. गेजचा काटा सुस्त असतो, क्षणाची बुडी त्याला पूर्ण दिसत नाही. वर कराडच्या वाचकांना दिवा लावायला सांगितलाय तो यासाठीही.

आज करायचं म्हणजे पातळी पट्टीच्या वरच्या खुणेवर, खालच्या-वरच्या मध्ये नाही. काही जण अर्धा लिटर जास्त भरतात. मला ते पटत नाही. क्रँक ऑइलात आपटली की फेस होतो आणि फेसाचं प्रेशर काय असणार. खरा उपाय चेंबर उतरवून पिकअपभोवती पत्र्याचे बॅफल (ऑइल अडवणारे आडपडदे) वेल्ड करणं, जमलं तर त्यांना आत उघडणारी झडपं. वेल्डिंगनंतर चेंबर आतून घासून, धुऊन, पुन्हा धुऊन लावा. वेल्डिंगचा एक दाणा तुम्ही वाचवायला निघालेलं बेअरिंग खातो. चेंबर उतरलाच आहे तर टेम्परेचरचा बॉसही त्याच दिवशी.

*

प्रश्न : हेडलाइट लावले की ऑइल टेम्परेचर दहा अंशांनी वाढतं, रेडिएटरचा फॅन लागला की आणखी.
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्थिंग. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसवर, लाल तार गेजच्या अर्थवर, आणि हेडलाइट-फॅन दोन्ही लावा. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर ती अर्थ काढा, रंग खरवडून चांगल्या जागी द्या. इंजिन ते बॉडीची जाड पट्टीही बघा. जुन्या गाड्यांत ती हिरवी पडून आतून तुटलेली असते आणि वरून साबूत दिसते.

*

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल प्रेशर गेज, तांब्याच्या बारीक नळीचं, घरात पडून आहे. तेच रेसच्या गाडीत लावलं तर? वायरची कटकट नाही.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : गेज म्हणून ते सगळ्यात प्रामाणिक. सेंडर नाही, ओहम नाही, अर्थिंग नाही, ऑइल थेट काट्यापर्यंत येतं. आणि भानगड तीच : गरम ऑइल तुमच्या गुडघ्यापर्यंत येतं. तांब्याची नळी कंपनानं कडक होऊन तडकते, प्लास्टिकची वितळते. ट्रॅक्टरवर ते उघड्यावर असतं, तडकलं तर पँट खराब होते. बंद केबिनमध्ये, सीटला पाच पट्ट्यांनी बांधलेले असताना, नको.

पण फेकू नका. त्याला जाळीची छोटी होज आणि तुमच्या गाडीच्या आट्याचा ॲडॅप्टर लावून गॅरेजचं तपासणी गेज करा. बॉनेट उघडं ठेवून लावायचं, आकडा बघायचा, काढायचं. आमच्या गाळ्यात कोणत्याही इलेक्ट्रिक गेजवर शंका आली की असंच एक गेज पुढं येतं, आणि वाद मिटतो. ट्रॅक्टरच्या गेजवर आकडे किलोत असतील. एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय आणि एक बार म्हणजे १४.५, आपल्या कामाला दोन्ही सारखेच धरा.

*

प्रश्न : ऑइल किती तापलं म्हणजे फार? वीस मिनिटांच्या सेशनमध्ये माझं १३२ पर्यंत गेलं. ऑइल कूलर लावू का? पाण्याचा काटा मध्यावरच होता.
— एक वाचक, वाई

उत्तर : पाण्याच्या काट्याचं सोडा. आजकालच्या गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, मालक घाबरू नये म्हणून. साधारण ७५ पासून १०५ पर्यंत तो हलतच नाही.

ऑइलचे माझे आकडे असे. ७०-८० च्या खाली असताना गाडीला रेस देऊ नका. पाणी चटकन ९० ला येतं, ऑइल बरंच मागून येतं, आणि पिटमधून निघताना माणसं पाणी बघून निघतात. १०० ते १२० हे काम करण्याचं तापमान. १०० च्या आसपास जाणं चांगलंच, त्यानं ऑइलातला पाण्याचा अंश उडून जातो. चांगल्या फुल सिंथेटिकला १३० चालतं, पण तिथून एक लॅप हळू. १४० ला आत या. १३२ म्हणजे तुम्ही कूलरच्या उंबऱ्यावर आहात.

लावणार असाल तर थर्मोस्टॅट असलेल्या सँडविच प्लेटचाच लावा, जी ८० अंशांच्या आसपास उघडते. तिच्याशिवाय लावला तर डिसेंबरातल्या वाईच्या सकाळी तुमचं ऑइल तापणारच नाही. कूलर बंपरच्या मागं, पण दगडापासून जाळीनं राखलेला. आणि कूलरच्या होजमधून सगळं ऑइल वाहतं, गेजच्या होजसारखं थेंबभर नाही. तिथं अडणी टाकता येत नाही, म्हणून जोडांत काटकसर नको.

आणखी एक. तुम्ही पत्रात पसरणीच्या घाटात टेस्ट करतो असं लिहिलंय, ते मी छापू दिलेलं नाही. गेजचे आकडे घ्यायला वाई ते पाचगणी साध्या वेगानं, तिसऱ्या गिअरमध्ये चढून या, भरपूर मिळतात. टेस्ट ट्रॅकवर. त्या घाटात एसटी असते, आणि तिच्यात माझी बहीण असू शकते.

*

प्रश्न : मुलगा गाडीला असली मीटरं लावतोय आणि रेसला नेतोय. विमा चालतो का?
— एक वडील, फलटण

उत्तर : काका, नुसत्या मीटरांनी विम्याचं सहसा काही बिघडत नाही. पण आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि त्यात रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवरचं नुकसान खिशातून. पॉलिसीचा कागद मुलापुढं ठेवा, आणि मीटरं लावू द्या. तोच खर्च सगळ्यात कमी आहे.

*

प्रश्न : नवीन टेम्परेचर गेजचा सेंडर उकळत्या पाण्यात बुडवून बघितला. काटा ९५ च्या जरा वर थांबतो, १०० ला जातच नाही. दुकानदार बदलून देत नाही, म्हणतो माल चांगला आहे.
— एक वाचक, पाचगणी

उत्तर : दुकानदार बरोबर आहे. तुम्ही समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांवर राहता. दर हजार फुटांना पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात ते ९५-९६ ला उकळतं. इथं साताऱ्यात ९७-९८ ला. तुमचं गेज इतकं नेमकं निघालं याचा आनंद माना.

तपासायची पद्धत चांगली आहे, पण एका आकड्यावर सोडू नका. पातेल्याच्या बुडाला सेंडर टेकू द्यायचा नाही, तिथं जास्त तापतं. तारेनं मध्ये लोंबता ठेवा, टर्मिनल पाण्याबाहेर, आणि अंगाला अर्थची वायर बांधा. पाणी थंड होताना शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवून ८० ला आणि ६० ला काटा कुठं आहे ते लिहून घ्या. तिन्ही ठिकाणी दोन-तीन अंशांचा फरक असेल तर बसवा. उकळीला बरोबर आणि ६० ला पंधरा अंश चूक दिसलं, तर सेंडर दुसऱ्या घरातला आहे. मग बदलून मागायला जा, आणि मल्टिमीटर बरोबर न्या.